अटलांटिक विमानाशिवाय ओलांडायचा असेल, तर पर्यावरणावर सर्वांत कमी भार कशाने पडतो?

प्राजक्ता_डेल्फ्ट

नमस्कार मंडळी. मी गेली सात वर्षे नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला राहते आणि माझी धाकटी बहीण बोस्टनला असते. पुढच्या वर्षी तिच्याकडे सहा आठवडे राहायला जाण्याचा बेत आहे. युरोपात फिरताना मी चार वर्षांपासून विमान जवळजवळ सोडले आहे, कारण रेल्वेने कोठेही जाता येते. येथे मात्र अटलांटिक आडवा येतो आणि रेल्वेचा उपाय संपतो.

बोटीने जाणे विमानापेक्षा कमी प्रदूषणाचे असणार असे मी गृहीत धरून चालले होते. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाणारे प्रवासी जहाज, मालवाहू जहाजावरील एखादी केबिन, किंवा कोणाच्या तरी शिडाच्या नौकेवर हरकाम्या म्हणून मिळणारी जागा, असे तीन पर्याय माझ्या वाचनात आले. परंतु प्रत्येकाविषयी इतके परस्परविरोधी लिहिलेले सापडते की नेमके आकडे कोणते धरावेत हे समजत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा जे जहाजावर काम करतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. वेळेची अडचण नाही. जाताना तीन आठवडे लागले तरी मला चालतील. पासपोर्ट भारतीय आहे आणि अमेरिकेचा पर्यटक व्हिसा हाताशी आहे.

आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुझे आजोबा बॅलार्ड पिअरवरून बोटीने विलायतेला गेले, कारण विमान परवडत नव्हते. तुला परवडते, तर तू बोट शोधतेस!"

इंजिनरूम

प्राजक्ताताई, मी बावीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढली आणि आता अलिबागला घरी असतो. आपले गृहीतक बहुतेकांचे असते आणि प्रवासी जहाजाच्या बाबतीत ते चुकीचे आहे, एवढे सुरुवातीलाच सांगतो.

आधी विमानाचा हिशेब करू. ॲमस्टरडॅम ते बोस्टन अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर आहे. आजचे नवे लांब पल्ल्याचे विमान भरलेले असेल, तर दर प्रवाशामागे शंभर किलोमीटरला साधारण पावणेतीन ते तीन लिटर इंधन जाळते. म्हणजे एका बाजूच्या प्रवासात आपल्या वाट्याला १५५ लिटरच्या आसपास, वजनात सव्वाशे किलो इंधन आले. एक किलो विमान-इंधन जळाले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून इकॉनॉमी वर्गातील एका माणसाचे एका बाजूचे उत्सर्जन जवळपास ४०० किलो धरावे. बिझनेस वर्गातील माणूस दोन-तीन जणांची जागा व्यापतो, तेव्हा त्याचा आकडा त्या प्रमाणात वाढतो.

आता साउदॅम्प्टन–न्यूयॉर्क मार्गावरचे 'क्वीन मेरी २' घ्या. हे जहाज २००४ पासून चालते आणि अटलांटिकवर नियमित फेऱ्या करण्यासाठी बांधलेले ते आज एकमेव मोठे प्रवासी जहाज आहे. त्यावर सुमारे २,७०० प्रवासी असतात आणि त्यांच्या दिमतीला बाराशेच्या वर कर्मचारी. सात रात्रींच्या प्रवासात दिवसाला १५० टन इंधन लागते असे धरले (हा माझा अंदाज आहे, पूर्ण वेगात याहून बरेच जास्त लागेल), तर एका फेरीला १,०५० टन इंधन, म्हणजे सव्वातीन हजार टन कार्बन डायऑक्साइड. तो प्रवाशांत वाटला की माणशी १.२ टन येतो, विमानाच्या तिप्पट. त्यात सात दिवसांचे राहणे-जेवणे धरलेले आहे, जे जमिनीवरही काही ना काही जाळतेच, हे मान्य. पण ते वजा केले तरी पारडे फिरत नाही.

असे का होते, हे वजनावरून लगेच उलगडते. त्या जहाजाचे पाण्यातील वजन सुमारे ७९ हजार टन आहे, म्हणजे प्रत्येक प्रवाशामागे २९ टन लोखंड, काच, पोहण्याचे तलाव, नाट्यगृह आणि स्वयंपाकघर समुद्रापार ओढून न्यावे लागते. बोइंग ७८७ सारखे विमान पूर्ण भरून उडते तेव्हा त्याचे सगळे वजन प्रवासीसंख्येने भागले, तर माणशी एक टनही होत नाही. समुद्रावरून वजन नेणे हवेतून नेण्यापेक्षा फार स्वस्त पडते खरे, पण तीसपट वजन नेले की तो फायदा बुडतो.

दुसरा मुद्दा वेगाचा आहे. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर शक्ती एक अष्टमांश लागते. वेळ दुप्पट होतो, पण तेवढ्याच अंतराला इंधन एक चतुर्थांश पुरते. म्हणूनच तेल महागले की मालवाहू कंपन्या जहाजे हळू चालवतात, आणि याच प्रवासी जहाजाची पूर्वीची सहा रात्रींची फेरी पुढे सात रात्रींची झाली ती याच गणितामुळे.

मालवाहू जहाजाचा हिशेब अगदी वेगळा येतो. मोठे कंटेनर जहाज एक टन माल एक किलोमीटर न्यायला १० ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. आपण आणि आपले सामान मिळून शंभर किलो धरले, तर सहा हजार किलोमीटरला ते सहा ते बारा किलो झाले. केबिन, जेवण, पाणी, वीज यांसाठी ते पाचपट करा, तरी ६० किलोच्या आत राहते. अडचण अशी की मालवाहू जहाजावर बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते प्रवासी जहाज ठरते आणि डॉक्टरपासून जीवनरक्षक नौकांपर्यंत सगळे निकष बदलतात. त्यामुळे जागा कायम मोजक्याच असत, आणि २०२० साली कोविड आला तेव्हा बहुतेक कंपन्यांनी त्याही बंद केल्या. काही मार्गांवर त्या पुन्हा उघडल्या आहेत, पण पूर्वीसारखी मुबलकता राहिलेली नाही. कमाल वयाची अट आणि वैद्यकीय प्रमाणपत्र या दोन गोष्टी आधी विचारून घ्या.

शिडवाला

इंजिनरूम साहेबांनी आकड्यांचे काम केलेच आहे. मी शिडाच्या नौकेवरून एकदा अटलांटिक ओलांडला आहे, म्हणून त्या बाजूचे लिहितो.

सर्वांत आधी लक्षात घ्यायची गोष्ट अशी की उत्तर अटलांटिकवर वारा चक्राकार वाहतो. अझोर्स बेटांजवळच्या उच्च दाबाच्या पट्ट्याभोवती तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, त्यामुळे युरोपातून पश्चिमेला जायचे तर आधी दक्षिणेला कॅनरी बेटांपर्यंत उतरायचे आणि तेथून व्यापारी वारे पाठीशी घेऊन कॅरिबियनकडे जायचे. कोलंबसही याच वाटेने गेला. आमचा कप्तान म्हणत असे की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळ. खलाशांची ही जुनी म्हण आहे. हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात होतो, कारण तोपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम सरलेला असतो. दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरील लास पाल्मासहून कॅरिबियनमधील सेंट लुशियाला शेकडो नौकांचा ताफा एकत्र निघतो, तो प्रघात १९८६ पासून चालू आहे. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल.

आमची नौका बेचाळीस फुटी होती आणि आम्ही चौघे होतो. लास पाल्मासला मी काडिझहून फेरीबोटीने गेलो होतो. एकवीस दिवस लागले. दिवसरात्र तीन-तीन तासांच्या पाळ्या असत, आणि रात्री दोनच्या पाळीत आपण एकटे असताना बाकी तिघांचा जीव आपल्या हातात असतो, ही जाणीव पहिल्या आठवड्यात झोपू देत नाही. पहिले तीन दिवस मला बोट लागली होती; तेवढ्यात कोरडी बिस्किटे, आले आणि क्षितिजाकडे पाहत राहणे याशिवाय काही चालले नाही. पुढे मात्र भूक खवळते. शेगडी झुलती असते, नौका कलली तरी ती सपाट राहते, आणि त्यावर मी घरून नेलेला कुकर ठेवून एक दिवसाआड वरण-भात करत असे. भाताच्या पाण्यात एक भाग समुद्राचे आणि दोन भाग गोडे पाणी घातले की मीठ वेगळे लागत नाही. झाकण आतून बसणाऱ्या कुकरचा लाटेवर फार आधार वाटतो, आणि शिट्ट्या मोजून गॅस बंद केला की एक सिलिंडर तिघांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त पुरतो.

वीज सौर तावदानांतून आणि पाण्यात सोडलेल्या एका लहान पंख्याच्या जनित्रातून येत होती. परंतु त्या पंख्यात तरंगणारे सरगॅसम शेवाळ इतके गुंतत असे की दर तासाला तो वर ओढून साफ करावा लागे, आणि दोन ढगाळ दिवस आले की शेवटी इंजिनच चालवावे लागे. सबंध प्रवासात ६० लिटर डिझेल लागले. लिटरला २.७ किलो या दराने ते १६० किलो होते, चौघांत माणशी ४० किलो. बंदरात शिरताना इंजिनशिवाय गत्यंतर नसते, हे त्यातच आले.

आता कटू भाग. सेंट लुशियाला उतरल्यावर मी विमानाने लंडनला परतलो, आणि ते अंतर पावणेसात हजार किलोमीटरच्या पुढे आहे. नौकेवरील माणूस बेटावर उतरला की त्याला परत पाठवण्याची जबाबदारी कप्तानावर येते, म्हणून पुढच्या प्रवासाचे तिकीट दाखवल्याशिवाय बरेच कप्तान आपल्याला घेतच नाहीत. वाऱ्याने जाण्यासाठी मी आधी विमानाचे तिकीट काढले होते! आपल्या बाबतीत तर सेंट लुशिया ते बोस्टन हे तीन हजारांहून अधिक किलोमीटर उरतातच. तेवढ्यासाठी विमान धरले, तर वाचवलेल्यापैकी अर्ध्याहून अधिक गेले म्हणून समजा. शिवाय मार्टिनिक आणि ग्वादलूप ही बेटे फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातील सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, येत नाहीत. डच निवासपत्र आहे म्हणून तेथे सरळ उतरता येईल असे धरू नका.

उन्हाळ्यात थेट बोस्टनकडे जायचे म्हणाल, तर वारा आणि गल्फ स्ट्रीमचा प्रवाह दोन्ही समोरून येतात, आणि न्यूफाउंडलंडजवळ धुके व हिमनग असतात. ग्रेटा थुनबर्ग २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्लिमथहून न्यूयॉर्कला पंधरा दिवसांत पोहोचली ती साठ फुटी शर्यतीच्या नौकेतून, आणि त्या नौकेवर शौचालयाऐवजी बादली होती. ती नौका परत आणायला काही खलाशी विमानाने न्यूयॉर्कला जाणार असल्याचे तेव्हाच जाहीर झाले आणि बरीच टीकाही झाली. कौटुंबिक नौका त्या वाटेला सहसा जात नाहीत.

पण आपण उलट विचार करून पाहा. बोस्टनहून परत येताना हाच वारा पाठीशी असतो. मे-जूनमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, विशेषतः बोस्टनपासून जवळ असलेल्या न्यूपोर्टमधून, कितीतरी नौका अझोर्समधील होर्टा बंदराकडे निघतात आणि त्यांतील काहींना हात हवे असतात. अझोर्सहून मुख्य भूमीकडे नियमित प्रवासी बोट नाही, म्हणून पोर्तुगालपर्यंत जाणारीच नौका धरा.

शंकासुर

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मालवाहू जहाजाच्या हिशेबात एक पळवाट राहिली आहे असे मला वाटते. जहाज कसेही जाणारच होते म्हणून प्रवाशाच्या वाट्याला सहा किलो, असे म्हणायचे असेल, तर विमानही कसेही उडणारच होते. तेथेही माझ्या नव्वद किलोंमुळे जास्तीचे जळणारे इंधन तेवढे मोजा. ४०० किलोऐवजी फार थोडे येईल. मोजपट्टी दोन्हीकडे सारखीच हवी.

शिवाय विमानाच्या इंधनात बदल होत आहेत, त्याचा उल्लेख कोणी केला नाही. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडन ते न्यूयॉर्क एक बोइंग ७८७ विमान संपूर्णपणे पर्यायी इंधनावर, मुख्यतः वापरलेले खाद्यतेल आणि टाकाऊ चरबी यांपासून बनवलेल्या इंधनावर उडाले होते.

इंजिनरूम

शंकासुरजी, आक्षेप रास्त आहे, पण माझे उत्तर असे. मी जहाजाचे सहा-बारा किलो वजनाच्या वाट्याने काढले, 'जहाज जाणारच होते' या आधारावर नव्हे. विमानातही प्रवाशाला त्याच्या वाट्याचे पूर्ण इंधन लावले. मोजपट्टी दोन्हीकडे वाटणीचीच आहे. तरीही आपल्या पद्धतीने पाहिले, तर फरक पैशांत पडतो. विमान कंपनीचे उत्पन्न प्रवाशांच्या तिकिटांवर चालते आणि पुढच्या हंगामात त्या मार्गावर एक फेरी वाढवायची की कमी करायची हे त्याच तिकिटांवरून ठरते. हजारो कंटेनर घेऊन जाणाऱ्या जहाजाची फेरी दोन केबिनच्या भाड्यावर कोणी ठरवत नाही.

पर्यायी इंधनाचे म्हणाल, तर ते एक प्रात्यक्षिक उड्डाण होते. युरोपीय संघाने २०२५ पासून अशा इंधनाचे किमान प्रमाण २ टक्के आणि २०३० साठी ६ टक्के ठरवले आहे. म्हणजे प्राजक्ताताईंच्या विमानाच्या टाकीत शंभरातील अठ्ठ्याण्णव लिटर नेहमीचेच इंधन असणार. जगभर तळणाचे उरलेले तेल किती, याचा विचार केला की ही मात्रा झटकन का वाढत नाही ते कळते.

एक गोष्ट माझ्या पहिल्या प्रतिसादात सुटली, ती जोडतो. उंचावर विमानामागे जे पांढरे पट्टे उमटतात तेही उष्णता अडवतात. दिवसा ते सूर्यप्रकाश थोडा परतवतात, रात्री मात्र फक्त उष्णता धरून ठेवतात. अमेरिकेहून युरोपकडे येणारी बहुतेक विमाने रात्रीची असतात. सकाळी निघून संध्याकाळी पोहोचणाऱ्या थोड्या फेऱ्या लंडनकडे आहेत. परत येताना विमान घ्यायचेच ठरले, तर तशी फेरी पाहा, मात्र लंडनला बाहेर पडून रेल्वेने पुढे यायचे असेल तर ब्रिटनचा व्हिसा लागेल.

कोपऱ्यातला वाचक

शिडाच्या मालवाहू जहाजांचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? आपल्या प्रश्नाला तेच सर्वांत जवळचे उत्तर आहे.

'ट्रेस ओम्ब्रेस' नावाचे डच जहाज २००९-१० पासून इंजिनाशिवाय कॅरिबियनची रम, कोको आणि कॉफी युरोपात आणते. माल पस्तीस टनांच्या आसपास मावतो आणि शिकाऊ खलाशी म्हणून पैसे भरून जाता येते. पण तेथे प्रवासी नसतो, दोर ओढणारा असतो. फ्रान्समध्ये त्यापुढची पायरी गाठली गेली आहे. ८१ मीटर लांबीचे 'आनेमोस' २०२४ च्या ऑगस्टमध्ये ला हाव्रहून न्यूयॉर्कला गेले. सुमारे हजार टन माल नेता येतो. आणि 'निओलायनर ओरिजिन' हे १३६ मीटरचे, दोन डोलकाठ्या आणि ३,००० चौरस मीटर शिडे असलेले जहाज २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सँ-नाझेरहून बाल्टिमोरला पोहोचले. पहिल्याच फेरीत त्याच्या एका शिडाचे नुकसान झाले, तरी ते मुक्कामी गेले. त्याचा वेग अकरा नॉट (ताशी अकरा सागरी मैल) ठरवलेला आहे, म्हणजे इंजिनरूम साहेबांचे घनाचे गणित येथेही लागू होते. वारा पडला तर इंजिन असतेच. या दोन्ही जहाजांवर बारापर्यंत प्रवाशांची सोय केलेली आहे. तो बाराचा आकडा कोठून आला हे वर आलेच आहे.

बाल्टिमोरहून बोस्टनला थेट रेल्वे आहे, सात-आठ तासांची. जागा आणि वेळापत्रक मात्र कंपनीकडूनच लेखी घ्या, आणि दोन्ही टोकांना आठवडाभर मोकळा ठेवा. २०१९ मध्ये छत्तीस युरोपीय तरुण चिलीतील हवामान परिषदेसाठी ॲमस्टरडॅमहून शिडाच्या जहाजाने निघाले होते आणि ते समुद्रात असतानाच परिषद माद्रिदला हलवली गेली!

प्राजक्ता_डेल्फ्ट

सर्वांचे मनापासून आभार. प्रवासी जहाज मी यादीतून काढून टाकले आहे, आणि तेच सर्वांत सोपे म्हणून मी त्याचे तिकीट जवळजवळ काढले होते, हे कबूल करते.

सध्याचा विचार असा आहे. जाताना सँ-नाझेर ते बाल्टिमोर शिडाच्या मालवाहू जहाजासाठी एप्रिलची चौकशी पाठवली आहे, कारण सँ-नाझेरपर्यंत मला रेल्वेने जाता येते. येताना न्यूपोर्टहून नौका मिळते का ते जूनमध्ये पाहीन, पण त्यावर विसंबून कार्यालयात तारीख देता येणार नाही. म्हणून परतीचे दिवसाचे एक विमान मनात धरून ठेवले आहे. बहिणीकडचा मुक्काम सहाऐवजी नऊ आठवड्यांचा करण्याविषयी वरिष्ठांशी बोलले, त्यांनी तीन आठवडे तेथून काम करू देण्याची तयारी दाखवली आहे, मात्र अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर ते चालते का, हे आधी विचारून घ्यावे लागेल. यापैकी कोणाला त्याचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

शिडवाला, आपला कुकर किती लिटरचा होता?

शिडवाला

तीन लिटरचा, चौघांना पुरत असे. रबर रिंग दोन जास्तीच्या न्या. माझी एक सेंट लुशियाला पोहोचायच्या आठवडाभर आधी गेली आणि त्या बेटावर काही मिळाली नाही. व्हिसाचे मात्र वकिलालाच विचारा, येथील कोणाच्याही अनुभवावर जाऊ नका.